चिंधी बांधलेलं वांगं

कुवेत पडल्याची बातमी सौदीतल्या जुबैलच्या कॅम्पात आली तेव्हा धोंडीराम तेलाच्या रिकाम्या डब्यांना बुडाशी भोकं पाडत बसला होता. मेसमध्ये रेडिओभोवती ही गर्दी. कुणी इराकच्या बाजूनं बोलत होता, कुणी अमेरिकेच्या, आणि ज्यांना दोन्हींतलं काही कळत नव्हतं ते सगळ्यांत मोठ्यानं बोलत होते. धोंडीरामनं डबा उपडा धरला, खिळ्यावर हातोडी मारली, बोट घालून कडा चाचपल्या आणि दुसरा डबा ओढला.

ताजुद्दीन मेसमधून तडक त्याच्याकडे आला.

"धोंडू, कुवेत गेला."

"कुठं गेला?"

"इराकवाल्यांनी घेतला. आता हितं जुबैलला पण येतील म्हणतात."

"येऊ देत. पाणी साचलं की मुळं कुजत्यात. ह्याला आणखी भोकं पाडू का रं?"

ताजुद्दीननं कपाळावर हात मारला. मग तोही वाळूत बसला आणि त्यानं डबा धरला.

ताजुद्दीन फिटर आणि धोंडीराम वेल्डर. फिटरनं पाइपाला पाइप भिडवून धरायचा आणि वेल्डरनं टाका मारायचा, अशी ही जोडीची कामं. एकाचा हात हलला की दुसऱ्याची मेहनत वाया जाते. बरीच वर्षं दोघं एकाच सांध्यावर वाकून उभे राहिले होते. ताजुद्दीन श्रीवर्धनकडचा, खाडीकाठचा. मासळीशिवाय त्याला घास उतरत नसे. धोंडीराम कोरेगावकडचा, गळ्यात तुळशीची माळ. मासळीचा वास आला तरी तो नाक मुरडायचा. खोली एकच आणि खिडकीही एकच. यांचं जमलं कसं हे कॅम्पात कुणाला कळत नव्हतं, आणि त्यांना विचारलं असतं तर त्यांनाही सांगता आलं नसतं.

डब्यांची ही उठाठेव चालली होती ती धोंडीरामच्या बायकोच्या एका निरोपापायी. सखूबाईला लिहिता येत नव्हतं. मुलगा वैभव टेपरेकॉर्डर पुढ्यात ठेवायचा, ती बोलायची, आणि सुट्टीवरून परतणारा कुणी गाववाला ती कॅसेट घेऊन यायचा. कॅसेट आली की धोंडीराम खोलीतली माणसं जेवायला जायची वाट बघायचा. मग आवाज अगदी बारीक करून, टेपला कान लावून ऐकायचा.

"आवं, म्या बोलतीया. ह्यो म्हंतोय लाल बटन दाबलंय, आता बोल. तर सांगायचं म्हंजी, माझ्या म्हायेरच्या वांग्याचं बी गेलं वो. गाडगं उंदरांनी फोडलं, एक दाना ठेवला न्हाई. तुमास्नी जाताना लुगड्याच्या चिंधीत बांधून दिल्यालं, तेवढंच ऱ्हायलंय बगा आता. तितं कुटंतरी मातीत घाला, बी धरा, आन येताना घिऊन या. इसरू नगा. आन उनात डोस्क्याला फडकं बांदत जावा."

ती पुरचुंडी गेल्या सुट्टीपासून पेटीच्या तळाशी पडून होती. धोंडीरामनं ती काढली, हुंगली आणि दुसऱ्या दिवसापासून डबे गोळा करायला लागला. कॅसेटबद्दल मात्र तो ताजुद्दीनपाशी अक्षर बोलला नाही. बायकोच्या आवाजाची गोष्ट दुसऱ्या पुरुषाला सांगायची म्हटली की त्याला लाज वाटायची.

जुबैलच्या वाळूत मीठ. ती वाळू आधी पोत्यात भरून टँकरच्या गोड्या पाण्यानं धुवायची, वाळवायची, पुन्हा धुवायची. मेसमधली कांद्या-बटाट्याची सालं खड्ड्यात कुजवायची. शेळ्यांच्या लेंड्या आणायच्या कतीफच्या एका खजूरवाल्या शेतकऱ्याकडून. ते बोलणं ताजुद्दीन करायचा, कारण अरबी त्यालाच यायची. शुक्रवारी बाजाराची गाडी कतीफला गेली की ताजुद्दीन एका हातात मासळी आणि दुसऱ्या हातात लेंड्यांचं पोतं घेऊन परत यायचा, आणि गाडीतले लोक दोन्हीकडून नाक धरून बसायचे.

चिंधीतलं होतं तेवढं बी पेरलं. ते रुजलं, पण बरंचसं उन्हानं करपलं. तीन रोपं जगली. आधी चहाच्या कपात, मग दूध पावडरच्या डब्यात आणि मग तेलाच्या डब्यात, असा त्यांचा संसार हलत गेला. पोराचे कपडे वाढत्या अंगाचे शिवतात, पण रोपाचं तसं चालत नाही. मोठ्या डब्यात लहान रोप घातलं की ओल जिरत नाही आणि मूळ नासतं. डब्यांना धोंडीरामनं बाहेरून ओली पोती गुंडाळली, शेंडे खुडून फांद्या फोडल्या, लेंड्यांचं पाणी करून बुडाशी घातलं. पानं अशी तरारली की कॅम्पातले लोक बघायला यायचे.

"पाला बघून पोट भरतला काय?" ताजुद्दीन म्हणायचा. त्यानं कोपऱ्यात एक मिरचीचं झाड लावलं होतं, आणि त्याच्याशेजारी झाकणाचा एक निळा पिंप. पिंपात माशांची डोकी, आतडी आणि पाणी. "शेळीच्या लेंडीनं पाला येतो, धोंडू. फळाला मासळीचा पाणी पायजे. आमच्याकडे नारळाला घालतात, मिरचीला घालतात. एक मग बादलीभर पाण्यात. माझी मिरची बघ कशी लगडलीय."

"माझ्या वांग्याला मासळी? त्यो पिंप हिकडं सरकवलास तर बघ. वारा हिकडचा हाय, आणखी लांब ने."

ताजुद्दीन हसत हसत पिंप आणखी लांब न्यायचा. हे भांडण रोजचं होतं आणि दोघांनाही त्याची सवय झाली होती.

थंडी पडली आणि वांगी धरली. थोडीच, पण अस्सल, देठाला काटे आणि अंगावर पांढरट रेघा. पहिलं वांगं धोंडीरामनं ताजुद्दीनच्या हातात दिलं. त्यानंतरचंही प्रत्येक वांगं अर्धं अर्धं झालं. मग खालच्या फांदीवर एक चांगलं दळदार वांगं धरलं तेव्हा धोंडीरामनं बियाण्याची चिंधी काढली आणि त्याच्या देठाला बांधली.

त्याच्या घरची ही रीत. बियाला ठेवलेल्या वांग्याला चिंधी बांधायची. एकदा चिंधी बांधली की घरातलं शेंबडं पोरसुद्धा त्याला बोट लावत नाही. ते झाडावरच पिवळं पडायचं, देठ वाळायचा, मग बी धरायचं. इतकी उघड गोष्ट कुणाला सांगावी लागते असं त्याच्या मनातही आलं नाही.

जानेवारी उजाडला. रस्त्यानं अमेरिकन गाड्यांच्या रांगा जायला लागल्या, आणि कंपनीनं सांगितलं की ज्याला लढाईपासून लांब, जेद्दाच्या साइटवर जायचंय त्यानं जावं, बस आहे; प्लांट चालू ठेवायला थोडे लोक इथं राहिले तरी पुरे. कॅम्प रिकामा व्हायला लागला. ज्या नळावर आंघोळीसाठी भांडणं व्हायची तिथं आता पाणी नुसतं ठिबकत असायचं.

"चल धोंडू, जेद्दाला जाऊ," ताजुद्दीन म्हणाला.

"तू जा. म्या मागनं येतो."

"मागनं म्हणजे कधी? बॉम्ब पडल्यावर?"

"झाडं हैत."

"डबे मांडीवर घेऊन बसू."

"बसवाल्याला इचारलं म्या. न्हाई म्हनतोय."

"मग ऱ्हा. तू नाय तर मी पण नाय," असं म्हणून ताजुद्दीननं बांधलेली बॅग पुन्हा सोडली. तेव्हाच धोंडीरामनं त्याला सांगायला हवं होतं, की बाबा, त्या एका वांग्यासाठी मी अडलोय, ते पिवळं पडलं की निघू. पण तो पाणी घालायला उठून गेला.

त्यानंतरच्या शनिवारी धोंडीराम साइटवरून दुपारी परतला तर खोलीत कांदा-खोबरं भाजल्याचा वास. जमिनीवर वर्तमानपत्र अंथरलेलं आणि त्यावर दोन पॅन, एकमेकांपासून चांगले हातभर लांब. ताजुद्दीननं अंगात धुतलेला सदरा घातला होता.

"ये, हात धू. ह्या पॅनमध्ये सुकट आहे, ह्यो माझा. आणि ह्यो नवा कोरा, तुझ्यासाठी आणला काल. ह्यात सुकटीचा कण पण नाय, चमचा पण वेगळा."

धोंडीराम खूश होऊन बसला. झाकण काढलं. भरलं वांगं, मसाल्यात चकचकीत.

"कुठलं वांगं आणलंस?"

"आणतंय कुठला! आपलाच."

धोंडीरामची नजर फिरली. कांद्याच्या सालांत देठ पडला होता. देठाला चिंधी तशीच गाठ मारलेली.

तो ओरडला ते सगळ्या कॅम्पाला ऐकू गेलं. "हावऱ्या! बियाचं वांगं कापलंस? डोळं फुटलं व्हतं का तुझं? चिंधी दिसली न्हाई?"

"दिसली ना. म्हणूनच तर..."

"म्हनूनच? चोर हैस तू. वाळू धुवायची म्या, खत घालायचं म्या, आन तू तुझी मासळीची घाण बोटं घालून खुडून खायाचं! हात लावायची लायकी हाय का तुझी माझ्या झाडाला?"

दारात माणसं जमली. मेसचा आचारी सिराजुद्दीन, ताजुद्दीनच्याच गावचा, हातात कालथा घेऊन उभा होता. ताजुद्दीन एकदा म्हणाला, "अरे, मला वाटला..." आणि दारातल्या माणसांकडे बघून थांबला. धोंडीरामनं नवा पॅन उचलला, बाहेर नेला आणि सगळ्यांदेखत कचऱ्याच्या पिंपात उपडा केला.

ताजुद्दीननं आपल्या पॅनमधलंही काही खाल्लं नाही. दोन्ही भांडी घासली, पुसली आणि उपडी घातली. सकाळी बसचा हॉर्न वाजला तेव्हा धोंडीराम जागा होता, पण भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. मग दारापाशी पावलं थांबली. मग दार लागलं.

आणि त्याच आठवड्यात लढाई पेटली.

क्षेपणास्त्राचा भोंगा वाजला की दार लावायचं, विषारी वायू आत येऊ नये म्हणून फटीत ओले टॉवेल कोंबायचे, तोंडाला ओलं फडकं बांधायचं आणि बसायचं. खिडकीच्या काचांवर चिकटपट्ट्यांच्या फुल्या. धोंडीराम आपल्या खाटेवर बसून समोरच्या रिकाम्या खाटेकडे बघायचा. भोंग्यापेक्षा ती खाट त्याला जास्त घाबरवायची. भीती दोघांत वाटून घेता येते हे त्याला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं; ती कायम वाटलेलीच असायची.

कामावरही तेच. फिटर गेल्यावर पाइप धरणार कोण? तो साखळी आवळून, तारेनं बांधून, लाकडाची पाचर ठोकून सांधा भिडवायचा. तरीही रॉड टेकवायच्या आधी त्याच्या तोंडून निघायचंच, "हां, धर." मग तो तसाच, काच डोळ्यांवर ओढून उभा राहायचा. काचेआड माणूस रडला तर कुणाला दिसत नाही, एवढी एक सोय वेल्डरला असते.

मेसमध्ये सिराजुद्दीन त्याच्या ताटात डाळ-भात वाढायचा, पण त्याच्याकडे बघायचा नाही. धोंडीराम "सिराजचाचा, मीठ," म्हणाला तर मीठ पुढे सरकायचं, शब्द यायचा नाही.

झाडंही रुसली. फुलं यायची आणि देठापासून गळून पडायची. धोंडीरामनं एक डबा आडवा करून रोप अलगद ओढून काढलं तर आत माती थोडी आणि मुळंच जास्त. पत्र्याला धरून गोल गोल फिरलेली, एकमेकांत गुंतलेली, पांढरी. झाडाला जायला जागाच राहिली नव्हती. त्यानं मेसमागचा साबणाचा पिंप धुऊन अर्धा कापला, कडा हातोडीनं मुडपल्या, तळाशी खडे घातले. बोटांनी मुळं सोडवली, काळी पडलेली छाटली, वरच्या फांद्याही निम्म्या उतरवल्या. तिन्ही झाडं अशी नव्या घरी गेली. आता खत पाहिजे होतं.

बाजाराच्या गाडीतून तो कतीफला गेला. सिराजुद्दीन मासळीबाजारात शिरला. त्याला बरोबर चल म्हणायची धोंडीरामची छाती झाली नाही. एकटाच तो त्या खजुरीच्या बागेत पोचला. म्हातारा शेतकरी भिंतीच्या सावलीत बसला होता. धोंडीरामनं सलाम केला, आणि पुढे काय? लेंडीला अरबीत काय म्हणतात हे त्याला कुठून ठाऊक असणार. त्यानं पोतं दाखवलं. म्हाताऱ्यानं खजूर दाखवले. त्यानं मान हलवली. शेवटी इकडेतिकडे बघून, कपाळाला दोन बोटांची शिंगं लावून, पन्नाशीला आलेला हा माणूस "ब्यां ब्यां" करून ओरडला आणि मागे हात नेऊन खाली काय पडतं ते दाखवलं.

म्हातारा हसून हसून आडवा झाला. पोतं भरून झाल्यावर त्यानं बोटानं धोंडीरामच्या शेजारची रिकामी जागा दाखवली आणि भुवया उडवून काहीतरी विचारलं. त्यात "सदीक" एवढाच शब्द धोंडीरामला कळला. सदीक म्हणजे दोस्त. तुझा दोस्त कुठे आहे, असं विचारत होता तो. धोंडीराम म्हणाला, "जेद्दा." म्हाताऱ्यानं मान डोलावली, एवढ्यावर तो समाधानी झाला. पोतं पाठीवर घेऊन धोंडीराम गाडीकडे चालत आला.

लेंड्यांचं पाणी मिळाल्यावर झाडांनी पुन्हा पाला काढला. नुसता पाला. फुलं येत आणि गळत.

मग लढाई संपली म्हणून रेडिओनं सांगितलं आणि आभाळ काळं झालं. कुवेतच्या तेलविहिरी पेटवलेल्या होत्या आणि तो धूर वाऱ्यानं इकडे आला. भर दुपारी दिवे लागायचे. सूर्य दिसला तर तांबड्या कुंकवाएवढा दिसायचा. दोरीवरचे कपडे, डब्यांच्या कडा, नाकाची भोकं, सगळ्यावर तेलकट काजळी. माश्या नाहीत, भुंगे नाहीत. दोन झाडं काजळीनं गुदमरून वाळली. उरलेल्या एका झाडाची पानं धोंडीराम साबणाच्या पाण्यानं एकेक करून पुसायचा. पान तळहातावर घ्यायचं, वरून पुसायचं, उलटं करून खालून पुसायचं, सोडायचं. सगळं झाड पुसून होईपर्यंत पहिलं पान पुन्हा काळं पडलेलं असायचं.

एकदा तो असा पुसत बसला असताना सिराजुद्दीन भाज्यांची सालं टाकायला मागे आला. जाता जाता थांबला.

"एवढी माया झाडावर. मानसावर होती काय कधी?"

धोंडीरामनं हातातलं फडकं खाली ठेवलं. "चाचा, शिव्या दिल्या तरी चालंल. पन बोल. लई दिवस झालं, कुणी बोललं न्हाई माझ्याशी."

सिराजुद्दीन पालथ्या डब्यावर बसला. "त्यानं तुझा वांगा चोरला नाय."

"ठाव हाय मला. भुकेला न्हवता त्यो. पन चिंधी बघून बी..."

"चिंधी बघूनच काढलान ना त्यानं! आमच्या गावात ताजूची आई काय करायची ठाव आहे? परसात पहिला दुधी लागू दे, काकडी लागू दे, चांगल्यात चांगला फळ बघून त्याला चिंधी बांधायची. तो शेजाऱ्याचा वाटा. घरात कोणी त्याला हात लावायचा नाय. आणि शेजाऱ्यानं स्वतः येऊन खुडायचा, मागायला नाय लागायचा. माझ्या घरच्यांनी किती खुडले असतील." त्यानं खिशातून तपकिरीची डबी काढली आणि तशीच हातात धरून ठेवली. "ताजू माझ्याकडे आला होता आदल्या दिवशी, नवा पॅन घेऊन. म्हणाला, चाचा, धोंडूनं बघ माझ्यासाठी वांगा ठेवलाय, चिंधी बांधून, आईसारखी. तोंडानं बोलणार नाय तो, पण ठेवलाय. डोळ्यात पाणी होता त्याच्या. हसत पण होता."

धोंडीरामला बसवेना आणि उठवेना. आपण त्या पॅनचं काय केलं ते त्याला दिसत राहिलं. "मग त्यानं सांगितलं का न्हाई मला?" त्यानं कसंबसं विचारलं.

"दारात धा माणसं उभी करून चोर म्हणालास. मग काय सांगतला? की माझ्यासाठी ठेवलाय असा वाटला मला? मानूस मरेल, पण असा बोलणार नाय." सिराजुद्दीन उठला. "आणि तू तरी कधी सांगितलास, बियाचा आहे म्हणून?"

संध्याकाळी धोंडीरामनं तोंडाला फडकं बांधलं, भोंग्याच्या वेळी बांधायचा तेच, आणि लांब कोपऱ्यातल्या निळ्या पिंपाशी गेला. ताजुद्दीनची मिरची पाण्यावाचून काडी होऊन उभी होती. तिच्याकडेही आपण बघितलं नाही याची त्याला नव्यानं लाज वाटली. त्यानं माळ सदऱ्याच्या आत सरकवली आणि झाकण काढलं. वासानं डोळ्यांत पाणी आलं. तो बाजूला जाऊन ओकला, चूळ भरली आणि परत आला. एक मग, बादलीभर पाण्यात. हातानंच ढवळलं, काठी शोधली नाही. आधी मिरचीच्या बुडाशी थोडं घातलं, ती जगणार नाही हे दिसत होतं तरी. उरलेलं वांग्याला.

हाताचा वास साबणानं गेला नाही. तो हात उशाशी घेऊन तो झोपला. ती खोली पुन्हा दोघांची असल्यासारखा वास येत होता.

मासळीचं पाणी तो घालत राहिला, शेळीचं बंद केलं. फुलं आली तेव्हा भुंग्याचं काम त्यानं स्वतः केलं. सकाळी फुलाच्या देठाला बोटानं हलकी टिचकी मारायची, म्हणजे पराग आतल्या आत झडतो. बरीच फुलं तरीही गळाली. एक टिकलं. पाकळ्या सुकल्या आणि आतून सुपारीएवढं वांगं वर आलं. धोंडीराम त्याच्यापुढे मांडी घालून बसला आणि त्यानं दोन्ही हात जोडले.

चिंधी त्यानं त्या दिवशी कांद्याच्या सालांतून काढून, धुऊन पेटीत ठेवली होती. ती आणली आणि देठाला बांधली. बांधताना मात्र त्याला कळेना की आपण ती कुणाच्या रीतीनं बांधतोय.

ऊन तापायला लागलं. पानं खालून पिवळी पडत चालली. पत्र्याच्या पिंपात झाडाचा उन्हाळा निघणार नव्हता. एवढं एक वांगं पिकवायची धमक त्यात होती, पुढचं नाही. पिवळं होईपर्यंत ठेवलं तर सखूबाईचं बी परत मिळणार होतं. वांगं मुठीत मावेनासं झालं, कोवळं, जांभळं, अगदी खायच्या जोगं. आणि सिराजुद्दीननं सांगितलं, "मला जेद्दाच्या मेसवर बोलावलाय. उद्या सकाळची बस."

सकाळी धोंडीराम बसपाशी आला तेव्हा ड्रायव्हर "यल्ला, यल्ला" ओरडून घाई करत होता. धोंडीरामनं ओल्या फडक्यातली वस्तू सिराजुद्दीनच्या हातात ठेवली. फडक्यातून देठ बाहेर आला होता आणि देठाला चिंधी.

"ताजूला दे. त्याचा वाटा हाय."

सिराजुद्दीननं ते परत पुढे केलं. "अरे, बी? बियासाठीच एवढा केलास ना. ठेव ह्यो. मी ताजूला सगळा समजावून सांगतो."

"सांगून काय हुतंय चाचा? सांगायचं ते म्या येळेवर सांगितलं न्हाई." त्यानं फडक्याची घडी नीट केली. "चिंधी सोडू नगंस. तशीच दे."

बस गेली. धोंडीराम परत आला, झाडाला पाणी घातलं, पानं पुसली. काजळी आता कमी पडायला लागली होती. मग त्यानं खोलीचं दार लावलं, टेपमध्ये कोरी कॅसेट घातली आणि लाल बटण दाबलं. एरवी तो बोलायचा ते ठरलेलं: मी खुशाल आहे, तुम्ही सगळी खुशाल असा. आज त्यानं ते बाजूला ठेवलं. टेप फिरत राहिली.

"सखू, म्या बोलतोय. जित्ता हाय, लढाई संपली. तुला एक सांगायचं व्हतं. तुझ्या म्हायेरचं बी ऱ्हायलं न्हाई. वांगं आलं व्हतं ग, झ्याक आलं व्हतं, शेवटचं. पन ते एका मानसाचा वाटा व्हतं, त्याला दिलं. ताजुद्दीन त्याचं नाव. माझ्याबरुबर पाइप धरायचा. तुला कधी सांगितलं न्हाई म्या त्याचं, न्हाई का? त्याला बी तुझं सांगितलं न्हाई कधी. हितं खोलीत त्याची खाट समोर हाय. रिकामी हाय. मला लई एकटं वाटतंय सखू." समोर उपड्या घातलेल्या दोन पॅनवर धूळ बसली होती. "तर ते वांगं आता त्यो रांधंल. त्यात सुकट घालनार बघ त्यो. घालू दे."